आईच्या कपाटाचे एकसष्ट फोटो

वहिनीशी माझं कधी पटलं नाही, आणि पटावं असं आम्हा दोघींपैकी एकीलाही वाटलं नाही. ती संकेश्वरची, दारात उसाच्या गाड्या उभ्या असणाऱ्या घरातली. मी बेळगावची, पुण्यात नोकरीला जाऊन बिघडलेली. बिघडलेली हे तिचं मत. तिचं दुसरं मत असं, की चाळिशी ओलांडलेल्या नणंदेनं भावाच्या संसारात राहून चहात साखर कमी पडली असं रोज सांगू नये. मी रोज सांगत असे. आई होती तोवर ते घर आईचं होतं, भावाचं नव्हतं, हे तिला समजावं म्हणूनच सांगत असे.

नोकरी सोडून मी परत आले ते एक अ‍ॅप काढायला. आपल्याच कपाटातल्या कपड्यांचे फोटो काढून त्यात टाकायचे, आणि मग रोज सकाळी ते अ‍ॅप सांगणार की आज कशावर काय घाल. नवीन काही विकत घ्यायचं नाही, आहे तेच नीट वापरायचं. कल्पना माझी आणि रागही माझाच. भरल्या कपाटासमोर उभं राहून घालायला काही नाही म्हणणाऱ्या माणसांचा मला इतका तिटकारा होता, की त्यांना सुधारायचं मी मनावर घेतलं.

सोबतीला कॉलेजातला एक मित्र होता. त्याच्या वडिलांचा उद्यमबागेत ओतकामाचा कारखाना. त्याच कारखान्याच्या वरच्या खोलीत आम्ही बसायचो. खाली साचे फुटायचे आणि वर माझ्या कीबोर्डवर काळी वाळू बसायची. या मित्राकडे स्वतःचे तीन टी-शर्ट होते, तिन्ही राखाडी. पण बायकांनी कपाटं कशी लावावीत यावर तो तासभर बोलू शकत असे. मी ऐकून घेत असे, कारण प्रोग्रॅम लिहिणारा तो होता. दिसणं आणि शब्द ही माझी बाजू.

पहिली चाचणी आईवर घ्यायची ठरली. आईला विचारलं नव्हतं. वडील जाऊन दहा वर्षं झाली होती, आई घरीच असायची, वेळच वेळ आहे असं मी धरून चालले होते. एका रविवारी तिचं कपाट मी पलंगावर रिकामं केलं. खिडकीच्या उजेडात एकेक साडी पसरायची, फोटो काढायचा, घडी घालायची. वहिनी दारातून बघून गेली आणि आईला म्हणाली, "आत्या, तुमचं समदं बाहीर काढलं की वन्संनी." आम्हाला मदत करावी असं काही तिच्या मनात आलं नाही.

अर्ध्यावर आल्यावर आईनं एक गठ्ठा बाजूला ओढला.

"ह्या नको घेऊस. ह्या माझ्या न्हाईत."

"तुझ्याच कपाटात आहेत ना?"

"कपाटात असल्या म्हणून माझ्या व्हय गं? ह्या द्यायच्या."

हा प्रकार पुण्यात बसून मला कधी सुचलाच नसता. आमच्याकडे लग्नाकार्यात आलेल्या निम्म्या साड्या नेसायच्या नसतातच. त्या ठेवायच्या, आणि पुढच्या कार्यात दुसऱ्या कुणाला द्यायच्या. आईला तोंडपाठ होतं कोणती कुठून आली, आणि म्हणून ती कुठं चालणार नाही. खानापूरच्या मामींकडून आलेली चुकून खानापुरातच गेली, तर दोन पिढ्या विषय पुरतो. मी लगेच अ‍ॅपमध्ये "द्यायच्या" असा वेगळा कप्पा केला आणि मित्रापुढे भाव खाल्ला. दोन्ही मिळून फोटो झाले एकसष्ट. त्यांची एक प्रत मी माझ्या लॅपटॉपवर ठेवली.

चाचणीची आवृत्ती फक्त आईच्या फोनवर होती, त्यामुळे तिच्यातली वाक्यं मी सरळ आईला उद्देशूनच लिहिली. "आई, आज ऊन आहे, सुती नेस." "आई, परत तीच? लोक काय म्हणतील!" आणि बरेच दिवस न नेसलेल्या साडीसाठी, "आई, कशाची वाट बघतेस? देऊन टाक की!" मित्राला हे शेवटचं फार आवडलं. तो म्हणाला, अ‍ॅपचा जीवच यात आहे. लोकांना कपाटं रिकामी करायची असतात, त्यांना फक्त ढकलायला कुणीतरी हवं असतं. म्हणून त्या वाक्याखाली "दिली" असं ठळक केशरी बटण ठेवायचं आणि "राहू दे" हे बारीक, करड्या अक्षरांत. माणूस विचार करत बसला की अडकतो, असं त्याचं म्हणणं. मलाही ते पटलं. करड्याची छटा मीच निवडली, आणि ती पांढऱ्यावर कशी अलगद विरते याचं मला कौतुक वाटलं होतं.

आईनं अ‍ॅप मनापासून वापरलं, एवढं मी सांगू शकते. सकाळी चष्मा लावून ती फोन उघडायची आणि सांगेल ती साडी नेसायची. माझ्याशी बोलताना "तू आज निळी सांगितलीस" असं म्हणायची. मी नाही गं आई, ते अ‍ॅप सांगतं, असं मी एक-दोनदा म्हणाले. तिनं मान हलवली. मग मीही सोडून दिलं.

पुढच्या थंडीत आईचं दुखणं वाढलं. त्याच सुमारास बंगळूरला आमचं अ‍ॅप दाखवायची संधी आली. आठवडाभर जावं लागणार होतं. अण्णा, म्हणजे माझा भाऊ, म्हणाला, "आम्ही हाय की." मी गेले. तिथं गार खोलीत बसलेल्या माणसांना मी आईचं कपाट दाखवलं, "कशाची वाट बघतेस" हे वाक्य इंग्रजीत समजावून सांगितलं, आणि ती माणसं हसली. परत आले तेव्हा आई दवाखान्यात होती. त्यानंतर ती घरी आली नाही.

दिवसकार्य झाल्यावर वहिनीनं कपाटाची किल्ली आपल्या जुडग्यात अडकवली. कुणाला विचारलं नाही. मीही दोन-तीन महिने गप्प राहिले. कारण मला त्या कपाटातली एकच वस्तू हवी होती, आणि ती माझीच आहे याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

जांभळी साडी होती ती, लाल काठाची, शहापूरच्या मागावरची. मी जन्मले तेव्हा वडिलांनी विणकराच्या घरी जाऊन आणलेली. आई ती फक्त माझ्या कामाला नेसायची. माझ्या बारशाला, शाळेच्या पहिल्या दिवशी, मी इंजिनिअरिंगला गेले तेव्हा. शेवटची नेसली ती मला बघायला निपाणीची माणसं आली त्या दिवशी. ट्रे घेऊन येताना मी धडपडले आणि पदरावर चहा सांडला. लग्न काही जमलं नाही. त्या चहामुळे नाही, माझ्या तोंडामुळे, असं वहिनी म्हणते. पदरावरचा डाग आईनं चार वेळा धुतला, तरी एक फिकट ठिपका राहिलाच. आई म्हणाली होती, "ऱ्हाऊ दे. आता तुझ्या लग्नात नेसीन, मग तुलाच." त्यानंतर पंधरा वर्षं ती साडी तशीच घडीत होती.

मी कपाट उघडायला लावलं. जांभळी नव्हती.

"मला काय म्हाईत वन्सं," वहिनी म्हणाली. "आत्यांनी कुणाला दिली आसल."

"ती साडी आई कुणाला देणार नाही."

"मग माझं नाव घ्या. घ्यायचंच हाय तुमाला."

मी घेतलंच, मनातल्या मनात. लॅपटॉपवर एकसष्ट फोटो होते. मी एकेक करून जुळवले. साठ साड्या कपाटात होत्या, गठ्ठ्यातल्या देण्याच्यासुद्धा. एकसष्टावी तेवढी नव्हती. यापेक्षा स्वच्छ पुरावा काय असतो? आईचा फोन वहिनीकडं होता. तो तिच्याकडून मागून घ्यावा असं मला वाटलं नाही. तिच्याकडून काहीच मागावं असं वाटत नव्हतं.

मग संकेश्वरहून बोलावणं आलं. वहिनीच्या भावजयीचं डोहाळजेवण होतं. अण्णा म्हणाला, एकदा तरी तोंड दाखव, लोक नावं ठेवतात. तोंड दाखवायला म्हणूनच मी गेले. अंगणात मांडव, खुर्च्या, बायका आणि वासाची फुलं. आणि त्या बायकांच्या मधोमध, आल्यागेल्याला हळदीकुंकू लावत, वहिनीची आई उभी होती. जांभळ्या साडीत.

मी जवळ गेले, पाया पडायचं निमित्त करून पदराकडे पाहिलं. काठापासून चार बोटांवर तो फिकट ठिपका होता. मीच सांडलेला चहा.

तिथून परत फिरायला हवं होतं, घरी जाऊन बोलायला हवं होतं, हे सगळं मला तेव्हाही कळत होतं. पण मला तसं करायचं नव्हतं. मला माणसं हवी होती. मी फोन काढला, त्यावर त्या साडीचा फोटो मोठा केला, डागासकट, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मावशी, ही माझ्या आईची साडी आहे. माझी वहिनी न विचारता उचलून इथं घेऊन आली. आई आजारी असताना."

वहिनी हिरव्या चुड्याचं ताट घेऊन उभी होती. ती नुसती माझ्याकडं बघत राहिली. तिचं ते गप्प राहणं मला कबुलीसारखं वाटलं आणि अंगात आणखी जोर आला.

"उचलून न्हाय," वहिनीची आई म्हणाली. "तुझ्या आईला बघाय आलतो आम्ही. तू गावाला गेलतीस. तवा तिनं सोता काढून दिली आणि माझ्या लेकीला म्हणाली, भर तुझ्या आईची ओटी. व्याहीण रिकाम्या ओटीनं जायची न्हाय म्हणाली."

"आईनं असं म्हणणंच शक्य नाही," मी म्हणाले. "ती साडी माझी होती. देण्याच्या साड्यांचा अख्खा गठ्ठा असताना आई हीच का काढेल? मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपतं!"

हे शेवटचं वाक्य मी बोलले. गरोदर सून पाटावर बसली होती, तिनं डोळे मिटून घेतले.

वहिनीची आई आत गेली. थोड्या वेळानं बाहेर आली ती घरातल्या विटक्या साडीत. स्वतःच्या सुनेच्या डोहाळजेवणात, शंभर बायकांपुढं. हातात जांभळ्या साडीची घडी होती. आमच्याकडे साडी देताना कुंकू लावतात, वर तांदूळ, खण, नारळ ठेवतात. तिनं कुंकवाच्या करंड्याला हात लावला नाही. घडी नुसती माझ्या हातावर टेकवली.

"घे," ती म्हणाली, "आणि आता जा बाई."

मी घेतली. अण्णाच्या गाडीची वाट न बघता हायवेवर आले आणि निपाणीकडून आलेली लाल बस पकडली. मांडीवर पिशवीत साडी होती. बेळगाव येईपर्यंत मला छान वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडून तरी माझं म्हणणं खरं करून घेतलं होतं, आणि तेही तिच्या माहेरच्या दारात. उसाच्या ट्रॉल्यांमुळं बस रखडत होती तरी मी चिडले नाही.

संध्याकाळी सात वाजता अण्णा आणि वहिनी परत आले. अण्णा सरळ मागच्या दाराला जाऊन बसला. वहिनी माझ्या खोलीत आली. इतक्या वर्षांत ती त्या खोलीत न बोलावता कधी आली नव्हती. तिच्या हातात आईचा फोन होता, चार्ज केलेला.

"माझ्या आईला तिच्याच दारात साडी सोडाय लावली तुमी," ती म्हणाली. "त्याचं मी इसरणार न्हाय. कदीच न्हाय. पर आदी हे बगा."

तिनं फोन माझ्यापुढं ठेवला. अ‍ॅप उघडं होतं. दिलेल्या कपड्यांची यादी आम्ही तीन टिंबांच्या आड लपवली होती, कारण घरातून गेलेल्या कपड्यांचं कुणाला काय, असं मित्र म्हणाला होता. वहिनीला ती यादी सापडली होती, मला ती आठवलीसुद्धा नव्हती. यादीत एकच साडी होती. जांभळी. खाली तारीख, मी बंगळूरला होते त्या आठवड्यातली. आणि वर माझं वाक्य.

"आई, कशाची वाट बघतेस? देऊन टाक की!"

"मीच सांगितलं आत्यांना," वहिनी म्हणाली. "ही नका देऊ, ही वन्संची हाय, त्या माझा जीव खातील. तर म्हणाल्या, तिनंच लिवलंय बग. कशाची वाट बघतीस म्हणून. खरंच की गं, म्हणाल्या, आता कशाची वाट बघाय लागलोय मी. लई वेळ फोन घिऊन बसल्या होत्या. मग बटण दाबलं."

"मग तू हे आधी का नाही सांगितलंस? मी कपाट उघडलं तेव्हा?"

"सांगून तुमी खरं मानलं असतं?"

नसतं मानलं. हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. पण मला वाटतं तिनं ते त्यासाठी लपवलं नव्हतं. मी कुठवर जाते ते तिला बघायचं होतं, आणि मी पार तिच्या आईच्या अंगणापर्यंत गेले. तेवढ्यासाठी तिचा राग आजही मनात आहे. तो जाईल असं वाटत नाही, आणि तो घालवायचा मी प्रयत्नही करत नाही.

मी एकदा संकेश्वरला जाऊन आले. साडी, खण, नारळ घेऊन. ओटी भरायला सवाष्ण लागते, म्हणून वहिनीला चल म्हणाले. ती म्हणाली, तुमचं तुमी बघा. वहिनीच्या आईनं मला आत बसवलं, पाणी दिलं, चहा विचारला नाही. पिशवी उघडूसुद्धा दिली नाही. "एकदा परत दिल्याली साडी पुन्यांदा घेत न्हाईत," म्हणाली. मी पाणी पिऊन उठले.

घरात आता साखरेवरून भांडण होत नाही. वहिनी माझ्या चहात साखर घालतच नाही. कप ठेवते आणि शेजारी डबा आपटते.

अ‍ॅप बाजारात आलं. मित्रानं चौथा टी-शर्ट घेतला, तोही राखाडीच. केशरी बटणाबद्दल लोक चांगलं लिहितात, कपाट रिकामं झालं, मन हलकं झालं वगैरे. मी मित्राला म्हणाले, ते बटण काढू. त्यानं कारण विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, "हे फार अपवादात्मक आहे." मी त्याला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर उद्यमबागेच्या खोलीत मी गेलेले नाही.

आईचा फोन मी चालू ठेवला आहे. जांभळी साडी अ‍ॅपमध्ये पुन्हा तिच्या कपाटात मांडली, साठाच्या पुन्हा एकसष्ट केल्या. ती नेसायचं धाडस मला होत नाही, आणि द्यावी असं कुणी नाही. परवा सकाळी चार्जिंगला लावलेला तो फोन वाजला. त्या जुन्या आवृत्तीत दुसरं कुणी वापरणारं नव्हतंच, त्यामुळे फोन कुणाच्याही हातात असला तरी ती त्याला आईच म्हणते.

"आई, कशाची वाट बघतेस? देऊन टाक की!"

वर जांभळीचा फोटो, खाली केशरी बटण होतं, अंगठ्याएवढं. मी दुसरं शोधू लागले. ते तिथंच होतं, मीच ठेवलेलं, मीच रंग दिलेलं. फोन जवळ धरला, लांब धरला, खिडकीशी नेला. शेवटी टेबलावरचा आईचा चष्मा लावला तेव्हा कुठं दिसलं. राहू दे.